काना हाय अजून

एकाच्या धंद्यातून दुसऱ्याला शहाणं करणं हा माझा निम्म्या आयुष्याचा धंदा. बेळगावातल्या एका मराठी दैनिकात मी उपसंपादक होतो आणि शेवटच्या पानावर उजव्या कोपऱ्यात 'बाजारातला धडा' नावाचं रोजचं सदर लिहीत होतो. कुठं एखादी कंपनी बुडायची, कुठं कुणी मोठा साहेब राजीनामा द्यायचा, कुणी कुणाला विकत घ्यायचं. मी त्यातून वाचकांना नेतृत्व, संयम, दूरदृष्टी असं काहीबाही काढून द्यायचो. स्वतः मी आयुष्यात एकाच कामाचं नेतृत्व केलं. टिळकवाडीतल्या आमच्या इमारतीची पाण्याची टाकी धुऊन घेण्याचं. त्यानंतर अख्खी इमारत शेजारच्या शाळेच्या नळावर आंघोळीला जात होती.

धडा कसा काढतात, ते सांगतो. आता सांगायला हरकत नाही, सदर बंद झालं आहे. दुपारी वृत्तसंस्थेच्या व्यापारी बातम्या यायच्या. त्यातली एक उचलायची आणि तिच्यातले आकडे काढून टाकायचे. आकडे गेले की बातमीत माणूस उरतो. उरला नाही तर आपण घालायचा. मग त्याच्या तोंडी एखादं वाक्य द्यायचं, हातात एखादी वस्तू द्यायची, आणि शेवटच्या ओळीत धडा. राजीनाम्याची बातमी असेल तर 'सोडता आलं पाहिजे'. खरेदीची असेल तर 'धरता आलं पाहिजे'. दिवाळं निघालं असेल तर 'कधी धरावं आणि कधी सोडावं हे कळलं पाहिजे'. एवढ्या तीन धड्यांवर मी दोन संपादक रिटायर केले.

लोक वाचत होते, ही खरी अडचण. कॅम्पातल्या एका खानावळवाल्यानं 'हाताखालच्या माणसांना मोकळेपणानं बोलू द्या' हा माझा धडा काचेवर चिकटवला आणि आचाऱ्याला म्हणाला, बोल. आचारी भर दुपारी, गिऱ्हाइकांच्या देखत, अर्धा तास बोलला. तो खानावळवाला नंतर कार्यालयात आला आणि मला म्हणाला, "सर, पुढचा धडा छापायच्या आधी मला दाखवत जावा."

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. सिद्राम आला तेव्हापासून मला या धंद्याची थोडी भीती वाटायला लागली.

तंबाखूचा भाव पडल्याची बातमी होती. निपाणी माझ्या आजोळचं गाव, त्यामुळे वखारींचा वास नाकात होताच. मी लिहिलं, सगळे व्यापारी फोन कानाला लावून धावत होते आणि एका वखारीत सिद्राम नावाचा राखणदार तोंडावर तांबडा टॉवेल घेऊन पोत्यावर गाढ झोपला होता. पडत्या बाजारात ज्याला झोप लागते तो खरा धीराचा माणूस. वखार, टॉवेल, सिद्राम, सगळं मी चहाच्या एका कपात तयार केलं होतं.

काही दिवसांनी एक म्हातारा माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. खांद्यावर तांबडा टॉवेल.

"मी सिद्राम. निपाणीचा. मला तुमी कवा बघितलं?"

मी म्हणालो, "मी तुम्हाला आजच बघतोय."

"मग मी पोत्यावर निजतो ते कुणी सांगितलं? मालकानं पेपर वाचला आणि मला काढला की कामावरनं."

मी लगेच त्याच्या मालकाला फोन लावला, हा सिद्राम तो नव्हे, म्हणून हातापाया पडलो आणि त्याची नोकरी परत मिळवली. म्हाताऱ्याचं समाधान झालं नाही. जिना उतरताना तो दोनदा थांबून मागं बघत राहिला. 'कुणी सांगितलं?' याचं उत्तर त्याला मिळालं नव्हतं. मलाही नव्हतं. आमचे संपादक म्हणाले, "अहो, निपाणीत झोपणारे राखणदार आणि सिद्राम नावाची माणसं, दोन्ही पोत्यानं सापडतील." मी हसलो. पण त्यानंतर माझ्या धड्यातल्या माणसांना नावं देणं मी बंद केलं. वस्तू मात्र देत राहिलो. तिथं फसलो.

आता अण्णांची गोष्ट.

उद्यमबागेत अण्णांची फाउंड्री होती. लोखंड वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं आणि पंपांचे, मोटारींचे भाग काढायचे, असा कारखाना. वितळलेल्या लोखंडाला तिथले कामगार 'रस' म्हणतात. अण्णांचे वडील निपाणीच्या तंबाखू वखारीत हमाल होते. अण्णा बेळगावात येऊन दुसऱ्याच्या फाउंड्रीत वाळू चाळायला लागले आणि शेवटी स्वतःच्या फाउंड्रीचे मालक झाले. केबिनमध्ये निळ्या कोटातली तसबीर, तिच्याखाली त्यांची खुर्ची. बायको लवकर गेली होती. घरी थोरली बहीण, तिला सगळे आक्का म्हणायचे, आणि इंजिनियर झालेली मुलगी सुजाता. मी त्यांना ओळखत होतो ते नावानं आणि लांबून. कारखान्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं.

आमचा त्या भागातला बातमीदार बसू. घरची भाषा कन्नड, नोकरी मराठी पेपरात, त्यामुळे त्याचं मराठी दोन्हीकडून मीठ घातलेलं. एका संध्याकाळी त्याचा फोन आला. मागं कसलं तरी यंत्र घरघरत होतं.

"सर, बसू बोलतोय. उद्यमबागचे अण्णा निधन झालेत री. आता सगळं सुजाताक्काच बघणार."

निदान मला तरी असं ऐकू आलं. 'अण्णांचं निधन झालं' असं न म्हणता तो 'अण्णा निधन झालेत' म्हणाला, पण बसूच्या व्याकरणाकडे लक्ष द्यायचं आम्ही कधीच सोडलं होतं. खात्री करायला मी फाउंड्रीत फोन लावला. कुणी उचलला नाही. दुःखात असतील म्हणून मी मोठ्या मनानं ठेवून दिला. शिफ्ट सुटली असेल हे डोक्यात आलं नाही. त्या दिवशीचा धडा अजून सापडला नव्हता आणि पान जायची वेळ झाली होती. निधनाची रीतसर बातमी उद्या देऊ, आज धडा देऊ, असं ठरवून मी लिहायला बसलो.

असं सरसर मी क्वचितच लिहिलं असेल. मी लिहिलं: 'अण्णा गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी वेळेवर पेटली. कुणी सुट्टी घेतली नाही, कुणी रडलं नाही, कुणी मान वर केली नाही. केबिनच्या दाराशी बाहेर तोंड करून ठेवलेल्या चपला तेवढ्या राहिल्या होत्या. रस तयार झाला की तो कुणाच्या मरणासाठी थांबत नाही. ज्याच्या जाण्यानं काम अडत नाही तो खरा नेता.'

हे मी आदल्या संध्याकाळी लिहिलं, हे लक्षात घ्या. ज्या सकाळचं वर्णन केलं ती अजून उजाडायची होती.

ती उजाडली. मी घरी चहा घेत होतो. फोन वाजला. सावकाश, जड आवाज.

"मी अण्णा बोलतोय. उद्यमबाग. तुमी काल मारलेला."

माझ्या हातून कप सुटला नाही, कारण मी तो आधीच बशीत ओतला होता. बशी सुटली.

"चूक झाली असंल, हुतीया," अण्णा म्हणाले. "पण जरा कारखान्यात येऊन जावा. एक इचारायचंय."

स्कूटर काढून निघालो. उद्यमबागेत फाउंड्रीच्या वळणावर एक पिवळी पाटी आहे. वर्षानुवर्षं तिच्या बाजूनं जात होतो. मला कन्नड वाचता येतं, पण अक्षर अक्षर लावत, पहिलीच्या पोरासारखं. वळणावर ट्रक आडवा होता म्हणून थांबलो आणि पाटी वाचली. नि. धा. न. निधान.

कन्नडमध्ये निधान म्हणजे हळू, सावकाश.

बसू काय म्हणाला होता ते मला त्या ट्रकच्या धुरात उभं राहून कळलं. अण्णा निधान झालेत. अण्णा आता हळू झालेत, थकलेत, कामातून अंग काढतायत, आता लेक बघणार. 'ध'च्या पुढची एक उभी रेघ यंत्राच्या घरघरीत पडली होती. शाळेत काना शिकवताना आमचे गुरुजी म्हणायचे, अक्षराशेजारी काठी घेऊन उभा राहिलेला माणूस म्हणजे काना. मी तो माणूस उचलून बाजूला केला होता.

फाउंड्रीत शिरलो. आत अंधार आणि लोखंडाचा, जळक्या वाळूचा वास. वाळूत बसून माणसं साचे ठोकत होती. मी मधून चालत गेलो आणि एकानंही मान वर केली नाही. ते मला माहीत होतं. मी ते लिहिलं होतं. केबिनच्या दाराशी पोचलो आणि पाय आपोआप थांबले.

दाराशी चपलांचा जोड होता. बाहेर तोंड करून.

आत अण्णा बसले होते. उंच, वाळलेले, पांढऱ्या शर्टात. शेजारी सुजाता उभी, आणि भिंतीकडेच्या बाकावर आक्का. मी हात जोडून चूक सांगायला सुरुवात केली, निधन, निधान, बसू, घरघर. सुजाता आधी ओठ दाबून ऐकत होती, मग फुटली. अण्णाही पोटभर हसले. डोळे पुसत म्हणाले, "म्हंजे एका काठीनं मारलासा मला." मग हसू ओसरलं आणि त्यांनी दाराकडं बोट केलं.

"चपला कुणी सांगितल्या?"

सिद्रामचा प्रश्न. तोच, तसाच.

"कुणी नाही. मी लिहून गेलो."

"आमचा बा वखारीत दाराशी चपला काढून उभा ऱ्हायचा. हाक आली तर आत. आणि काम झालं की लगेच भाईर, थांबायचं न्हाय. म्हणून चपलांचं त्वांड भाईर. मला तीच सवय लागली. मालक झालो तरी सुटली न्हाय. हे मी कुणाला बोललो न्हाय. सुजालासुद्धा न्हाय."

सुजाता वडिलांकडं बघत राहिली. तिचं हसू कधी गेलं ते कळलं नाही.

"आणि दुसरं," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "रोज सकाळी मी आलो की समदी बघत्यात, हात वर करत्यात. आज कुणी बघितलं न्हाय. मी पार भट्टीपातूर चालत गेलो. मारुती फोरमनच्या खांद्यावर हात ठेवला तर दचकलं की बेनं."

"लाजल्यात अण्णा," सुजाता म्हणाली. "पेपर वाचून आल्यात. तुमच्याशी काय बोलायचं त्यांस्नी कळंना."

"व्हय. तसंच असंल." पण त्यांच्या चेहऱ्यावर ते तसंच आहे असं दिसत नव्हतं.

मी म्हणालो, "उद्या पहिल्या पानावर दुरुस्ती छापतो."

तेव्हा आक्का पहिल्यांदा बोलली.

"छापू नगंस."

ती इतका वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. म्हणाली, "गेल्या पंधरवड्यात ह्याला कावळा शिवलाय. अंगणात उभा हुता, डोस्क्यावर पाय लावून गेला कावळा. मी म्हटलं, पावण्यांस्नी खबर धाड, माझा भाऊ मेला म्हणून. ह्यो ऐकतोय व्हय? शिकल्याली माणसं ही."

माझ्या आजोळी हा प्रकार मी ऐकला होता. कावळा शिवला म्हणजे मरण बघून गेलं. मग नात्यातल्या माणसांना मेल्याची खोटी खबर पाठवायची. ती ऐकून कुणी रडलं की मरणाला वाटतं आपलं काम झालं, आणि ते निघून जातं. अण्णा असलं काही मानणाऱ्यातले नव्हते. तसबिरीकडं बघत त्यांनी कपाळावर हात मारला. "आक्का, ह्या फोटोफुडं तरी नगं गं बोलूस."

"तू गप. तू न्हाय म्हटलास, तर बघ, पेपरानं आपसूक खबर धाडली. समद्या बेळगावला. आता एकच ऱ्हायलंय." ती माझ्याकडं वळली. "वाचून कोण रडलं काय?"

मी काय सांगणार? अण्णांच्या फोननंतर वाटेत ज्यांचे फोन आले ते सगळे हसत होते. अण्णा जिवंत आहेत हे सगळ्यांना आधीच माहीत होतं.

"कोण न्हाय?" आक्का उठून माझ्यासमोर आली. लहानखुरी बाई, माझ्या खांद्याला लागत होती. "मग तू रड. लिवलंस तू, तूच रड. दुरुस्ती छापायच्या आदी. एकदा डोळ्यातनं पाणी काढ बाबा, मग काय छापायचं ते छाप. माझा भाऊ एकच हाय."

ती चेष्टा करत नव्हती. हे मला त्या क्षणीही समजत होतं. मी मान खाली घातली आणि प्रयत्न केला. माझी आई आठवली, वडील आठवले, पगारवाढ न झालेली वर्षं आठवली. पण समोर अण्णा धडधडीत बसलेले, टेबलावर चहाचा पेला, आणि त्यांनी हळूच मला एक डोळा मारला. मला हसू आलं. दाबायला गेलो तर नाकातून आलं. सुजाता हसली, अण्णा हसले, काचेपलीकडून बघत असलेला मारुती हसला.

आक्का हसली नाही. परत बाकावर जाऊन बसली आणि पदर बोटाला गुंडाळायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती आली. मी स्वतः लिहिली होती: 'या सदरात अण्णांचे निधन झाले असे नजरचुकीने प्रसिद्ध झाले. आमच्या बातमीदाराने अण्णा निधान झाले असे कळवले होते.' पान लावणाऱ्या आमच्या संगणकात शुद्धलेखन तपासायची नवी सोय बसवली होती. तिला कन्नड येत नव्हतं. तिनं 'निधान' चुकीचं ठरवलं आणि सुधारलं. छापून आलं ते असं: 'अण्णांचे निधन झाले असे नजरचुकीने प्रसिद्ध झाले. आमच्या बातमीदाराने अण्णा निधन झाले असे कळवले होते.'

संपादकांनी मला बोलावलं. तो अंक त्यांनी माझ्यासमोर ठेवला. मग म्हणाले, "दुरुस्तीची दुरुस्ती छापू नका. तुमच्या हातात त्या माणसाचा जीव देणं बरं नव्हे."

फोनवर अण्णाही तेच म्हणाले. "ऱ्हाऊ द्या आता. तिसऱ्यांदा जमंल बघा तुमाला."

पण गावाला गंमत सापडली होती. अण्णा दिसले की लोक विचारायचे, "काय अण्णा, बरं हाय?" आणि अण्णा एक बोट उभं धरून म्हणायचे, "काना हाय अजून." पेट्रोल पंपावर, बँकेत, लग्नात. फाउंड्रीतले कामगारसुद्धा सकाळी कामावर आले की एकमेकांना एक बोट दाखवायला लागले. कडोलीच्या साहित्य संमेलनात मला 'अपयशातून काय शिकावं' यावर बोलायला बोलावलं होतं, आयोजकांना योग्य माणूस माहीत होता. अण्णा पहिल्या रांगेत. माझी ओळख करून देत असताना ते उठले आणि म्हणाले, "ह्या माणसानं मला दोनदा मारलंय. ह्याच्याकडनं शिका." टाळ्या पडल्या. हास्य ओसरल्यावर त्यांनी बोट उभं केलं. ते थोडं थरथरत होतं. माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नसावं.

ते खरोखर निधान होत चालले होते. हळूहळू त्यांनी फाउंड्रीत येणं कमी केलं. सुजाताची पकड बसली होती. मोठी गिऱ्हाइकं आधी तिच्या खांद्यावरून अण्णांना शोधायची, मग शोधायची थांबली. अण्णांनी कणकुंबीला रानाच्या कडेला थोडी जागा घेतली होती, तिथं दोन खोल्या बांधल्या आणि आक्काला घेऊन राहायला गेले. तिथं फोनला रेंज नाही. सुजाता सुट्टीच्या दिवशी जायची. एकदा मीही बसूबरोबर गेलो होतो. झाडांमधून धुकं दारापर्यंत येत होतं. अण्णा पायरीवर बसले होते, शेजारी चपला, तोंड बाहेर. आक्का आतून चहा घेऊन आली. मला बघून म्हणाली, "आलास व्हय." मग झाडावर कावळा ओरडला तशी चटकन उठून त्याला हाकलून आली.

पावसाळा सरत होता. एका संध्याकाळी बसूचा फोन आला. या वेळी मागं काहीच घरघरत नव्हतं.

"सर, अण्णा..." एवढं म्हणून तो थांबला.

"काय झालं?"

"सुजाताक्कानं जांबोटीत येऊन फोन केला होता. रेंजसाठी. परत गेली वर."

मी शहाण्या माणसासारखा प्रश्न विचारला. आयुष्यात पहिल्यांदा बातमीची खात्री करून घेत होतो.

"बसू, काना आहे का नाही?"



"काना न्हाय सर."

बातमी मी लिहिली. सदरात नव्हे, निधनवार्तेत, चार ओळी. शब्द न शब्द स्वतः तपासला. 'निधन' टाइप झाल्यावर त्याच्याकडं बघत बसलो. आमच्या संगणकानं त्याला हात लावला नाही. या वेळी तो शब्द त्याला बरोबर वाटला.

सकाळी कार्यालयातला फोन लवकर सुरू झाला. पहिल्याच माणसानं हसत विचारलं, "काय हो, परत मारलंत का अण्णांना?" दुसरा म्हणाला, "आता तरी कन्नड शिका." मी सांगायचो, अहो खरं आहे, तर पलीकडून आणखी मोठं हसू. बसूनं मारुतीला रात्रीच फोन केला होता. मारुती म्हणाला होता, "बसू, तुझ्या सायबानं तुला परत फसवलं बघ," आणि फोन ठेवला होता.

मी स्कूटर काढली आणि उद्यमबागेला गेलो.

भट्टी वेळेवर पेटली होती. कुणी सुट्टी घेतली नव्हती. वाळूत बसलेली माणसं साचे ठोकत होती आणि मी मधून चाललो तरी कुणी मान वर केली नाही. मला एकेक वाक्य पाठ होतं. ती वाक्यं माझ्यापुढं चालत होती आणि मी त्यांच्यामागून जात होतो. केबिनजवळ पोचायच्या आधी मी मनाशी म्हणालो, चपला नसतील. ते कणकुंबीला गेले, चपला घालूनच गेले असतील.

चपला होत्या. जुना जोड असणार, इथंच राहिलेला. धूळ बसली होती. तोंड बाहेर.

मारुती भट्टीपासून हात पुसत आला. पेपर त्याच्या खिशात होता. हसत त्यानं मला एक बोट दाखवलं. "काय सर, तिसऱ्यांदा जमलं व्हय?"

माझाही हात वर आला होता, उत्तरादाखल, सवयीनं. ते उभं बोट मी दुमडून घेतलं. एवढंच केलं.

मारुतीनं त्या मिटलेल्या मुठीकडं बघितलं. मग माझ्या तोंडाकडं. त्याचं हसू एकदम गेलं नाही. आधी डोळ्यांतून गेलं, तोंडावर थोडा वेळ तसंच राहिलं. मागची माणसं आता मान वर करून बघत होती. एकेक ठोका थांबत गेला आणि भट्टीचा आवाज तेवढा उरला.

कुणीतरी तिकडून ओरडलं, "मारुतीमामा, रस आला!"

मारुती वळला. मला वाटलं आता सगळं बंद करायला सांगेल. तो चार पावलं गेला, थांबला, आणि न वळता म्हणाला, "ओता रं." दुसरं काही करता येत नव्हतं. भट्टीतला रस निवला तर भट्टीच जाते. त्यांनी रस लांब दांड्याच्या डाबऱ्यात घेतला आणि साच्यासाच्यांतून ओतत गेले. तांबड्या उजेडात सगळ्यांचे चेहरे सारखे दिसत होते, कोण रडतंय आणि कोण घामेजलंय हे कळत नव्हतं. माझं मला कळलं. मी केबिनच्या पायरीवर, त्या चपलांच्या शेजारी बसलो आणि मला आवरेना.

दुपारी कणकुंबीला पोचलो तेव्हा कामगारांनी भरलेला ट्रक माझ्या पुढं होता. अंगणात आक्का बसली होती. माझे डोळे सुजले होते, आवाज गेला होता. मी तिच्यासमोर खाली बसलो. तिनं माझ्याकडं नीट बघितलं. राग नव्हता. हात पुढं करून तिनं माझा गाल पुसला, लहान पोराचा पुसावा तसा.

"आता रडून काय करतोस रं?" आक्का म्हणाली. "तवा रडायचं हुतं."

त्यानंतर मी सदर लिहिलं नाही. संपादकांनी विचारलं, अण्णांवर शेवटचा एक धडा तरी द्या. मी म्हणालो, तो आपण आधीच छापला आहे.

मी कावळा मानत नाही. अण्णांचं वय झालं होतं, छाती कमजोर होती, डॉक्टरांचे कागद आहेत. सिद्राम आणि चपला योगायोग. निपाणीत राखणदार पोत्यानं आहेत. हे सगळं मी स्वतःला व्यवस्थित समजावलं आहे. फक्त एक सवय लागली. आजकाल मोबाइलवर रोज कुणी ना कुणी खोटं मरतं. कुणी नट, कुणी गवई, कुणी आमच्याच गल्लीतले मास्तर. तासाभरात खुलासा येतो, लोक हसतात, एकमेकांना अंगठे पाठवतात. मी खुलाशाची वाट बघत नाही. मोबाइल उपडा ठेवतो, दार लावून घेतो, आणि आधी रडून घेतो.